बारा अक्षरं

सोहारच्या कॅम्पात शुक्रवारी
मी रजिस्टर घेऊन बसतो.
वायफाय हवं, तर मशीनचा पत्ता द्या.
बारा अक्षरं: पहिली सहा कारखान्याची, आडनावासारखी,
उरलेली त्या एकट्याची.

शिवलकर वेल्डरने विचारलं होतं,
लॅपटॉप एक, मग पत्ते दोन कसे?
वायरीच्या खाचेला एक, वायफायला दुसरा.
इथे दारं मोजतात, म्हटलं, घर नाही.

आयपीचं निराळं. तो राउटर देतो,
खाटेसारखा:
हा उठला की तो झोपला.

नवे फोन बनेल. प्रत्येक ठिकाणी वेगळंच नाव सांगतात.
दुसऱ्या जागी दोन, सहा, ए नाहीतर ई दिसलं
की मी ओळखतो, हे जन्माचं नव्हे.
तरी लिहून घेतो.
अरबीत प नाही, ड नाही;
माझ्याही बताक्यावर पेडणेकरचा बेदनेकर झालाय.

शिवलकर फेब्रुवारीत गेला,
लॅपटॉप दहा रियालला ज्ञानबहादूरला देऊन.
काल रात्री अडीचला यादी उघडली:
शिवलकर, जोडलेला,
सिग्नल चांगला.

नाव बदलायला हवं.