फेटलिंग

कुपवाडच्या फौंड्रीत मी हजेरी मांडते.
वहीत खात्यांची नावं अशी: मोल्डिंग, कोअर, भट्टी, फेटलिंग.
बावीस वर्षं लिहीत आले, एकदाही विचारलं नाही
हा शेवटचा कुठला, कोणाचा कोण.

दस्तगीरचाचा म्हणाले, सोपंय की राजमतीताई,
फेटाळण्यातनं आलाय.
निम्मा माल फेटाळूनच परत भट्टीत जातोय.
धनपाल म्हणाला, न्हाई, फेटा.
धुरळ्यासाठी डोक्याला गुंडाळतोय की आपण.
आणि कँटीनची अक्काताई, रवी ताकातच ठेवून,
फेटणं ते फेटणं, त्यात काय हुडकायचं?
तिघांचंही मला पटलं.
तिघंही चुकले होते हे नंतर कळलं,
तरी अजून थोडं पटतंच.

काम असं असतं.
वाळूतून निघालेलं बीड आंधळं असतं.
अंगभर करपलेली वाळू,
रस जिथून आत शिरला तिथे शेपूट,
दोन पेट्या मिळाल्या त्या रेषेवर धारदार झालर.
छिन्नी, हातोडा, मग ग्राइंडर.
संध्याकाळपर्यंत पंपाचं कवच
पंपाचं वाटायला लागतं.
जास्तीचं तेवढंच काढायचं.
केसभर जादा गेलं की ते भंगाराचं.
शेवटी हातोडीचा एक टोला:
खणखणलं तर पास,
बद्द वाजलं तर आत कुठेतरी चीर.

मार्चअखेरच्या एका रात्री ताळेबंद जुळेना
तेव्हा मुलीचा जाड इंग्रजी कोश ओढला, उगाच.
होता तिथे. बारीक अक्षरात.
पुढे लिहिलेलं, उत्तरेकडची बोली.
म्हणजे तिकडेही हा गावाकडचाच,
शहरातल्या साहेबाने ऐकून न ऐकल्यासारखं करावं असा.
तिकडच्या बाया चूल फेटल करायच्या,
मोडकी खुर्ची, घोड्याचं खोगीर, ओसरीचा पसारा,
सगळंच फेटल. नीट करायचं, आवरायचं, उभं करायचं.
रस्त्यात कोणी भेटलं की
कसं काय म्हणायच्या जागी, काय फेटल?
आणि अगदी तळाशी, बहुधा असं म्हणून,
हजार वर्षांपूर्वीचा एक पट्टा.
फेटेल. कमरेला आवळला की माणूस तयार.

मी कंबर कसून बसलेली नव्हते,
गाऊनमध्ये होते, चष्मा नाकावर,
तरी ताठ झाले जरा.

सकाळी चाचांना गाठलं.
त्यांनी डावा कान पुढे केला,
उजवा कधीच ग्राइंडरने खाल्लाय.
मी ओरडून सांगितलं, पट्टा! मुळात पट्टा होता!
ते थांबले. मग सदरा वर केला.
मिरजेच्या डॉक्टरने दिलेला, चार बकलांचा,
घामाने काळा पडलेला कमरपट्टा.
म्हणाले, एकतीस वर्सं फेटलिंग केलं
तवा कुठं हा पट्टा मिळाला.
आन् तू म्हणतीस पट्ट्यातनं फेटलिंग आलं.
सांग तुझ्या पुस्तकाला, उलटं छापलंय.

मी हसले, त्यांच्या नावापुढे ह लिहिला.
धनपाल त्या दिवसापासून गेटवरच विचारतो, काय फेटल?
अक्काताई त्याला म्हणते, गप बस, ताक पी.

आता टोला चाचा मारतात, ऐकते मी.
हे वहीत कुठे नाही.
ते तळवा बिडावर ठेवतात
आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतात.
परवा एक कवच अधेमधेच वाजलं,
खणखणीत म्हणावं तर नाही,
बद्द म्हणावं तर तसंही नाही.
काय म्हणतंय? त्यांनी विचारलं.
सप्टेंबरात ते निवृत्त होतायत.
मी म्हटलं, चाचा,
परत एकदा मारा.