उजवी बाजू

वडिलांचा उजवा कान खाणीतच राहिला,
ओस्त्रावाला, सातशे मीटर खाली,
ज्या स्फोटाला कागदोपत्री 'किरकोळ' म्हणतात त्यात.
तेव्हापासून एका कानाने ऐकून
दुसऱ्याने सोडून देणं
त्यांना जमलंच नाही.
जे आत गेलं ते आतच राहिलं.

अशा माणसाने स्टीरिओ बांधायला घेतला.
आई म्हणाली, व्लास्तिमिल, एकच बाजू बांध,
निम्म्यात भागेल.
ते म्हणाले, दुसरी बाजू तुमची.

सांगाडा म्हणजे आईचा केक भाजायचा ट्रे,
ऐन नाताळच्या तोंडावर पळवलेला.
त्यात कानशीने घासून घासून चार गोल भोकं,
चार व्हॉल्व्हसाठी.
ट्रान्सफॉर्मर हातानेच गुंडाळले, केसासारख्या तांब्याचे,
वेढे मोठ्याने मोजत.
डावीकडून हाक मारली की आकडा हुकायचा
आणि पुन्हा एकपासून.
म्हणून जेवायला बोलवायचं तेव्हा आई
मुद्दाम उजव्या अंगाला उभी राहायची.
हाक मारल्याचं समाधान,
आणि वेढे शाबूत.

मला त्यांनी दोन गोष्टी शिकवल्या.
यित्का, चालू यंत्रात एकच हात घालायचा,
दुसरा खिशात.
आणि बंद केलं म्हणजे बंद झालं असं नाही,
तीनशे व्होल्टचा कपॅसिटर डूख धरून बसतो.

एप्रिलच्या एका शनिवारी बटण दाबलं.
काही नाही.
मग काचेच्या आत, अगदी तळाशी,
फुंकर घातलेल्या राखेत दिसावा तेवढा निखारा.
राळेचा वास, तापलेल्या धुळीचा वास,
आणि डावीकडून सेलो.
वडिलांनी डोळे मिटले.
मग ते न उघडताच विचारलं:
उजवीकडे काय?

उजवीकडे ओबो होता.
आणि ओबोच्या खाली, फ्रिजमागे असते तशी,
एक बारीक, न थांबणारी घरघर.

मी एकोणीस वर्षांची. पायात नवे बूट.
पोरुबाची ट्राम सात वाजून दहाची,
नाचाच्या हॉलबाहेर कोणीतरी थांबलेलं.
घरघर म्हटलं असतं
तर रात्रभर डाख लावणं, काढणं, आणि माझा कान.
मी म्हटलं, स्वच्छ आहे, बाबा.
अगदी स्वच्छ.

पुढे चाळीस वर्षं ते पाहुण्यांना सांगत आले,
आवाज नाही बघा, सुईच्या टोकाएवढाही नाही.
पाहुणे उजवीकडे बसलेले.
पाहुणे चहा पीत, मान हलवत.

यंदा एक व्हॉल्व्ह गेला.
नंबर शोधायला त्यांची जुनी वही काढली,
रेझिस्टरचे रंग, तारखा, ट्रेची किंमत (आईला दिलेली),
आणि त्या शनिवारच्या पानावर, पेन्सिलने:

'उजवा स्पीकर. बोट ठेवल्यावर थरथर लागते.
यित्का म्हणते नाही.
म्हणजे नाही.'

मी वही मिटली. पुन्हा उघडली.
ते खिडकीशी संत्रं सोलत होते,
एक्याऐंशी वर्षांचे, सालाची अखंड फीत करत.
मी काही बोलले नाही.
प्लग काढला. डूख उतरू दिला.
ट्रे उलटा केला. आत त्यांचं सुबक काम,
जिला तिला पीळ, जिला तिला वळण,
आणि उजव्या बाजूची अर्थिंगची एक तार
चुकीच्या जागी टेकलेली.
बोटभर पलीकडे नेली. डाख दिला.
चाळीस वर्षं, आणि बोटभर.

लावलं. निखारा आला.
ओबो आला, आणि त्याच्याखाली काहीच नाही,
नुसती खोली.

वडील उठले, भिंतीच्या आधाराने आले,
संत्र्याच्या वासाचं बोट
दोन स्वरांच्या मधल्या शांततेत
उजव्या स्पीकरच्या कागदावर टेकवलं.
कपाळाला आठ्या पडल्या.

काय केलंस तू, म्हणाले,
ही बाजू बंद पडली की काय?