सहावं घर

व्हर्ना स्टोके दोन्ही काउंटरवर ठेवायला सांगते.
डावीकडे तिच्या बापाचं,
उजवीकडे माझ्या कपाटातलं, खोक्याचा वास न गेलेलं.
मध्ये तिचे हातमोजे.
बाहेर मोंटानातला मार्च, बर्फ की चिखल ते अजून ठरत नाही.
पिकअपचं इंजिन तिनं चालूच ठेवलंय.

"फरक सांग," म्हणते. "विकू नकोस. सांग."

तर, दोन्हींची तऱ्हा एकच. चाप ओढला
की घोडा मागे जातो, फिरकी एक घर पुढे सरकते,
आणि ओढ संपते तिथं घोडा सुटतो.
एका बोटाची तीन कामं.
जुन्यात ती कुणीतरी खिडकीपाशी बसून जुळवली,
एकेक तुकडा दिव्याच्या काजळीवर धरायचा,
बसवायचा, काळं कुठं पुसलं ते बघायचं,
तेवढंच कानशीनं घासायचं. पुन्हा काजळी.
नव्यातले तुकडे साच्यातून येतात,
कुठलाही कुठल्याही रिव्हॉल्व्हरात बसतो,
आणि तक्रार करायला तसं काही नाही.

जुन्याची टोचणी घोड्याच्याच तोंडावर.
नव्यात घोडा आणि टोचणी यांच्यामध्ये एक पट्टी,
चाप ओढून धरलाय तोवरच वर येते.
एरवी घोड्यावर हातोडा मार,
काडतूस झोपलेलंच.

"म्हणजे पडलं तर?"
"नवं पडलं तर ओरखडा उठेल."

जुन्याचं मी बोललो नाही.
ते तिला माझ्याआधीपासून ठाऊक आहे:
ती नऊ वर्षांची, एइनार सहाचा,
तबेल्याची शिडी, वर चढणारा बाप,
आणि पट्ट्यातून निसटलेलं हेच, डावीकडचं.
एइनार जगला. चालताना मात्र
त्याचा एक पाय जन्मभर दुसऱ्याची वाट बघत आला.
त्यानंतर बापानं सहापैकी पाचच भरली.
घोड्याखालचं घर रिकामं.

तिला माणसांशी काही देणंघेणं नाही.
जनावरांचा डॉक्टर चाळीस मैलांवर,
आणि गेल्या डिसेंबरात घोडी काटेरी तारेत सापडली.
शेजाऱ्याकडून मागून आणलेलं, नवं, कडक.
तिला तीन गोळ्या लागल्या.
हे तिनं काउंटरकडे बघत सांगितलं.

"धर," मी म्हणालो.
नवं रिकामं करून दिलं, भिंतीवरच्या खिळ्यावर रोखायला लावलं.
तिच्या बोटांचे सांधे सुंठीसारखे.
अर्ध्या ओढीत नळी थरथरली,
खिळा सोडून कॅलेंडरवर गेली.
मग बापाचं.
ओढ अशी सरकली जशी लोण्यातून सुरी,
खिळ्यावरून नळी हलली नाही.

नव्याची स्प्रिंग सैल करता येते, मी म्हणालो,
पण मग कडाक्याच्या थंडीत एखादं काडतूस मुकं राहील.
आणि घोडी दुसऱ्यांदा वाट बघत उभी राहणार नाही.

ती हातमोजे न घालताच बाहेर गेली.
काचेतून दिसलं: पिकअपची काच खाली आली,
आत एइनार. तो माझ्या दुकानात पाऊल टाकत नाही,
टाकला नाही कधीच.
काहीतरी बोलला. ती हसली नाही.
परत आली, बूट पुसले.

"जुनंच दुरुस्त कर.
तो म्हणतो, याची खोड निदान आपल्याला माहीत आहे."

संध्याकाळी मी फिरकी बाहेर काढली.
पाचव्या घराला ती किंचित मागे राहते,
घोडा तयार आणि घर अजून वाटेत.
नवा दात घडवावा लागेल, हातानं,
आणि काजळीसाठी दिवा शोधावा लागेल.
मग टॉर्च लावून घरं तपासली.
पाच आतून काळपट, बापाच्या वर्षांनी खरवडलेली.
सहाव्याच्या काठावर कानशीची एक बारीक खूण,
रोज तेच घर रिकामं राहावं म्हणून केलेली.
आत डाग नाही, काजळी नाही,
कारखान्यातून आलं तसं.

तेल लावलं. पावतीवर लिहिलं:
शुक्रवारी न्यावे. पासष्ट डॉलर.