शेवटची जागा

हर्णैला बर्फाच्या कारखान्यामागेच रेंज येते,
म्हणून पाठ ओल्या भिंतीला, आम्ही पाच जण.

संगमेश्वरच्यांनी पहिल्याच घासाला
माझी धनुर्धारी बाद केली.
"संपलं," अफान म्हणाला.
तीस सेकंद. एकोणतीस.

लिलावात आई हलव्याकडे बघतसुद्धा नाही.
बांगड्याला नाक मुरडते,
कोळंबीची पाटी पायाने जरा सरकवते,
बायका तिकडे वळतात
आणि हलवा आमच्या टोपलीत.

मी म्हटलं, गेंडा घ्या.
तो पुढे ढाल धरतो,
नाहीतर रानात एकटाच शिकार करतो;
यातलं काय, ते मी बोलले नाही,
शेजारच्या प्रणाली दोरकुलकरलाही नाही.
त्यांनी ढाल फोडणारा उचलला.
उचलू देत.

शेवटची जागा माझी.
जखमा भरणारी म्हातारी उरली होती,
तिला कधी कुणी बाद करत नाही.
मला तीच हवी होती.

दहा सेकंद. नऊ.
जेटीवरून हाक आली,
"पाटी उचलाया कोन येतंय गो?"
चौघांनी माझ्याकडे बघितलं.

मलाही कुणी बाद करत नाही.