कॉलर माईक

हॉल दसरा चौकातला, एसी अठरावर.
बॅनरवर हिरवी पृथ्वी,
तिच्या डोक्यावर साहेबांचा फोटो.
मी मागच्या कोपऱ्यात, मिक्सरपाशी,
कानाला हेडफोन, पुढ्यात बारा खिट्ट्या.
तिसरी साहेबांच्या कॉलरची.
आठवी निवासच्या हातातल्या माईकची,
जो लोकांत फिरवायचा होता
वेळ उरला तर.

साहेब चाळीस मिनिटं बोलले.
कार्बन, सोलर, एक लाख झाडं, दोन हजार पन्नास.
आवाज चांगला आहे त्यांचा, खोटं कशाला बोलू.
बास जरा कमी केला की
काहीही पटतं.

वेळ उरला.
पहिला प्रश्न कॉलेजच्या पोराचा, कागदावर लिहून दिलेला.
दुसरा प्रश्न नव्हताच, आभार होते.
तिसरा हात वर आला
तो स्वच्छ धुतलेला,
पण नखांत शाडू राहिलेली.

माईक तिनं आधी बोटानं वाजवून बघितला,
मडकं वाजवतात तसा.
"इंदुमती निगवेकर. बापट कॅम्प. मूर्तीकाम.
साहेब, एकोणीसला पाणी आलं तवा
आमचा माळा पाच फुटांवर हुता.
दोनशे गणपती बसल्या जागी इरघळलं.
मग सातावर घातला.
एकवीसला पाणी सातालाबी शिवलं.
आता नवावर हाय.
वर पत्रा. मधी उरलंय दीड फूट.
दोन फुटी मूर्तीचा मुकुट अडतोय.
तर येवढंच सांगा,
पुढचा माळा किती फुटांवर घालू?
न्हाईतर मग
देव किती बुटका करू?"

हॉल हसला.
मी पण हसलो, आधी.
मग हसू थांबलं आणि एसीची घरघर ऐकू आली,
जी मी दुपारपासून झाकत होतो.

साहेब म्हणाले, फार मार्मिक प्रश्न.
म्हणाले, ताईंच्या भावना पोचल्या,
प्रशासन सकारात्मक आहे,
मुळात हा प्रश्न अख्ख्या जगाचा आहे.
टाळ्या.

आणि टाळ्यांच्या आडून ते पीएकडे वाकले.
मी सवयीनं तिसरी खिट्टी खाली ओढली.
मोठी माणसं कुजबुजली की ओढायची,
धंद्याचा रिवाज आहे.
पण हेडफोनला रिवाज नसतो.
"आपल्या नव्या बंगल्याला भर किती फुटांची टाकली रे?"
"साडेअकरा, साहेब.
इंजिनिअर म्हणाला, त्याखाली नको."

म्हणजे उत्तर होतं.
आकड्यासकट होतं.
आठशे खुर्च्यांच्या हॉलात
फक्त माझ्या कानात.

अंगठा खिट्टीवर.
बोटभर वर सरकवायची, बास.
पाणी पण तेवढंच चढतं एका वेळी, बोटभर,
आणि सकाळी गल्लीत होडी.
मागच्या दोन सभांचं बिल अजून बाकी.
तिसरीचं आज मिळणार होतं.

निवेदिका म्हणाली, पुढचा प्रश्न.
निवास माईक घ्यायला गेला.
बाईनं सोडला नाही.
"ऱ्हाऊ दे पोरा, धरतो मी.
उत्तर यायचंय न्हवं अजून."

अंगठा तिथंच राहिला.
बोटभर म्हणजे किती लांब असतं
ते मला त्या दिवशी कळलं.

हॉल रिकामा झाल्यावर
ती दारात चप्पल शोधत होती.
मी वायर गुंडाळत गुंडाळत तिच्याजवळ गेलो
आणि माईकशिवाय बोललो.
"मावशी, साडेअकरा."

तिनं विचारलं नाही कोण म्हणालं.
वर बघितलं, हॉलच्या छताकडे,
ओठांत पुटपुटत हिशेब केला.
"साडेअकरा म्हंजे
आमच्या पत्र्याच्या वर झालं की.
तिथं कुठं माळा असतोय?"

एक चप्पल सापडली, दुसरी सापडायची होती.
"आणि हे त्यास्नी
माईकवर सांगायला काय झालं हुतं?"

मी वायर गुंडाळत राहिलो.
पंज्यातून कोपर, कोपरातून पंजा.
लांब वायर होती.