आघाडीची फळी

फेब्रुवारीत, वालेन्सियाला, फरश्यांच्या प्रदर्शनात
हॉल दोन, गाळा चौदा:
आमचं निळं पान.
सोळा रात्री यंत्राशी बोलून काढलेलं.
'समुद्र हवा, पण उदास नको.
लिंबाची बाग हवी, पण गावठी नको.'

मालक, विसेंत, टाय सैल करून
समोर बघत राहिला.
समोरच्या गाळ्यावर तेच पान,
शिरा जरा डावीकडे कललेल्या.
पलीकडे इटलीवाल्यांचं, किंचित जांभळट.
जणू एकाच झाडाखालून
सगळ्यांनी आपापली टोपली भरून आणली होती.

प्रत्येकाच्या पाटीवर: अद्वितीय.
तो शब्दही त्यानंच दिला होता.
आधी पत्रकं मी लिहायचो.
'तेल सांडलं तर पुसता येतं'
इतपतच लिहायचो.

सोमवारी, ओन्दाला, कारखान्यात बैठक.
माद्रिदहून आलेल्या सल्लागारानं
फळ्यावर किल्ला काढला, भोवती खंदक.
'यंत्र सगळ्यांकडे आहे. भाडं भरलं की झालं.
शेजाऱ्याकडे नाही असं
तुमच्याकडे काय आहे?'
कुणी म्हणालं, नाव. कुणी म्हणालं, गोदाम.
कॉफीवर साय धरली.

तेवढ्यात रेमेई आत आली, सही घ्यायला.
'तीन नंबर आज लावू नका.
वारा पश्चिमेचा आहे, कोरडा.'
'कुणी सांगितलं?'
'अठ्ठ्याण्णवच्या नोव्हेंबरनं.'

प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीला
तिची फळी.
तडकलेल्या, फुगलेल्या, कडेला काळवंडलेल्या फरश्या,
एकतीस वर्षांच्या.
पाठीवर पेन्सिलीनं:
'झिलई मधेच रुसली.'
'माती ओली होती. मी बोलले होते.'
'घाई. हामबुर्गचं जहाज.'

सल्लागारानं चष्मा काढून पुसला.
यशाचे फोटो यंत्रानं जगभरचे पाहिले होते,
आमची फजिती मात्र
अजून आमचीच होती.
'हाच खंदक,' तो म्हणाला. 'भरा यंत्रात.'

यंत्राला तिचं अक्षर लागेना.
मग चार दुपारी ती वाचत गेली,
मी टंकत गेलो.
तिसऱ्या दुपारी एका फरशीवर थांबली.
'ही ओळ नको घालूस.'
'का?'
'चूक बतिस्तेची. बायको दवाखान्यात होती त्याची.
अजून येतो तो कामाला.'
मी नुसतं लिहिलं: तापमान, बाराशे चाळीस.
अशा अकरा ओळी गाळल्या.
त्या मी कुणाला सांगितल्या नाहीत,
इथेही आकडाच सांगतोय.

यंत्र चांगलं शिकलं, खोटं कशाला सांगू.
जूनमध्ये रेमेई निवृत्त झाली,
आणि उन्हाळाभर तीन नंबरनं
एकही दिवस वाया घालवला नाही.
तुटफूट निम्म्यावर. विसेंतनं नवी गाडी घेतली.

सप्टेंबरात तोच सल्लागार
रस्त्यापलीकडच्या कारखान्याच्या फाटकात दिसला.
खंदक काढायला किती वेळ लागतो,
खडू तर खिशातच असतो.
पण तिथल्या फुटक्या फरश्या
दर शनिवारी ट्रकनं ओढ्यात जात आलेल्या.
त्यांनी रेमेईला फोन केला. आकडा मोठा होता म्हणे.
तिनं विचारलं, 'तुमच्याकडे भट्टीवर कोण असतं?'
त्यांनी मॉडेलचं नाव सांगितलं.
ती म्हणाली, संत्री तोडायची आहेत,
आणि फोन ठेवला.

फळी आता रिकामी.
फोटो काढून झाल्यावर
सगळ्या फरश्या मुरमात गेल्या.
काल तिथे नवी मुलगी उभी होती, नेउस,
हातात एक फरशी, मधोमध केसभर चीर.
टाकून देईना, ठेवीनाही.
मला म्हणाली, 'मागे काय लिहू?'
'काय झालं ते.'
'यंत्र म्हणतं, काही व्हायला नको होतं.'
मी कानावरची पेन्सिल तिला दिली.
'मग आधी तेच लिही.'