नव्वद दिवसांची मुदत

सोसायटीच्या ऑफिसात, वजनकाट्याच्या मागे,
मासळीच्या कॅरेटवर ठेवलाय आमचा सर्व्हर.
पतसंस्थेनं भंगारात काढला, मी चौदाशेला आणला.
त्याच्या पोटात अख्खा तलाव आहे:
कोणत्या दिवशी किती किलो डाडक, किती मरळ,
घोगर शेवटची कधी दिसली,
देवधान, चिऊल, गाद कुठल्या काठाला लावलं,
कोणाच्या जाळ्याला किती हिस्सा.

गोंदियाचा व्यापारी म्हणाला,
मॅडम, तुमचं पान उघडलं की वर येतं
'सुरक्षित नाही'.
बावीस वर्षांत एक पावती खोटी फाडली नाही आम्ही.
फोन ठेवला आणि काट्यावरची खवलं पुसत बसले.

लोकेश, माझा भाचा, पुण्याला असतो.
आत्या, प्रमाणपत्र काढ, म्हणाला. फुकट मिळते.
मला हसू आलं.
रेवतीची फाइल तिसऱ्यांदा परत आली आहे,
एकसष्टच्या आधीचा कागद आणा म्हणतात.
कोतवाल पंजीत तिच्या खापरपणजोबाच्या नावापुढे
नुसतं लिहिलंय, 'मासे धरतो'.
जातीचा रकाना कोरा.

ऑफिसात तार आली आहे,
पण माझा फोन बटणांचा, आणि रेंज तलावाच्या पारीवर.
तिथे उभं राहून ऐकायचं, तळहातावर लिहायचं,
खाली येऊन टाइप करायचं,
यंत्र काय म्हणालं ते परत वर जाऊन सांगायचं.
एक टिंब चुकलं म्हणून दोन खेपा.

ते प्रमाणपत्राचं कार्यालय कुठे आहे, ठाऊक नाही.
त्यानं बापाचं नाव विचारलं नाही.
एवढंच म्हणालं: ही जागा तुझी ना?
मग ठरल्या कोनाड्यात ही चिठ्ठी ठेव,
मी बाहेरून येऊन वाचतो.

ठेवली.
आला, तर ऐंशी नंबरचं दार बंद.
पाच वेळा आला, पाच वेळा परत गेला,
मग लिहून आलं, आता तासभर थांबा.
हे मला ओळखीचं वाटलं.
मी डबा सोडला.

लोकेशनं राउटरमधली दोन दारं सांगितली,
ऐंशी आणि चारशे त्रेचाळीस.
हातावरचा घाम आकड्यांत मिसळायच्या आत उघडली.
सहाव्यांदा
अकरा सेकंद लागले.
शिक्का नाही, तिकीट नाही,
साहेब जेवायला गेलेत, नाही.
खाली फक्त तारीख, नव्वद दिवसांनंतरची.

किल्लीची फाइल कोणाले दाखवू नको, आत्या,
मलेही नाही, लोकेश म्हणाला.
आजवर सगळे कागद दाखवण्यासाठीच जपले आम्ही.
हा पहिला, न दाखवण्याचा.

सखरू मेहर ओलं जाळं घेऊन दारात उभे.
पडद्यावरचं बारकं चिन्ह त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.
"कुलूप लावला? मंग लोकं आत कसे येतीन?"
दार उघडंच आहे, काका.
वाटेत कोणी आपलं बोलणं चोरून ऐकू नये,
त्याला कुलूप.
"म्हंजे मासा ताजा हाय, हे त्यात नाही लिवलं?"
नाही, काका.
जागा आपली, इतकंच लिहिलंय.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
जाळ्यातून पाणी फरशीवर गळत राहिलं.

यंत्र आपलं आपणच नवं काढत राहील म्हणे, रात्री.
पण रात्रीच आमची लाइन जाते.
म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरात मी तारखेला गोल केला.
त्याच आठवड्यात दुसरा गोल आहे, निळ्या शाईचा:
रेवतीची सुनावणी, सकाळी अकरा.

घरी जाताना पारीवर फोन वाजला.
गोंदियाचाच.
मॅडम, आता वर काहीच लिहून येत नाही.
काहीच नाही?
काहीच नाही. बरं, मरळ कशी दिली?